भरल्या पाण्याचे नमुने

१५ नोव्हेंबर, शुक्रवार. पौर्णिमा.

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा रोजची वही बंद केली होती. काम नसताना लिहिणं म्हणजे हवापाण्याच्या गप्पा. आजपासून पुन्हा काम आहे.

प्रतिक्षाचा प्रबंध. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, पर्यावरण रसायनशास्त्र. आठवीत रोह्याला मावशीकडे शिकायला आली तेव्हापासून मुलगी माझ्या हाताखाली आहे. गाव धाकटी खार, कासू स्टेशनवरून खाडीच्या अंगाला. आईबाप नाहीत, आजीने वाढवलं. त्या गावातून एवढं शिकलेली ही पहिलीच.

विषय तिच्या घरचाच. गेल्या पावसाळ्यात गावच्या तळ्यांमधला जिताडा मासा रात्रीत मेला. तिचा काका प्रविण याचं तळंही त्यात गेलं. गाव म्हणतं कंपनीचं पाणी, कंपनी म्हणते आमचं पाणी शुद्ध. एप्रिलमध्ये सरकारी सुनावणी आहे. गावाजवळ आरडाओरड्याशिवाय पुरावा नाही. तो प्रतिक्षाच्या प्रबंधातून मिळेल. विद्यापीठातल्या सरांकडे अकरा मुलं आहेत. ते म्हणाले, तुमच्या बाईंनी आखून दिलं तर उत्तमच. मी आखून दिलं.

आखणी अशी. खाडीत भरती-ओहोटीमुळे पाणी सतत बदलतं. मग आकड्यांची तुलना कशी करायची? म्हणून दर पौर्णिमेला आणि दर अमावस्येला, दुपारी बरोबर साडेबारा वाजता नमुना घ्यायचा. तिथी तीच, वेळ तीच, म्हणजे पाणीही दर खेपेला सारख्याच उंचीला. अमावस्येला मिठागरं बंद असतात, त्यामुळे गावातल्या कमळाकरची होडी मोकळी मिळते. रोह्याहून सकाळची गाडीही गाठता येते. हे सुचलं त्याचं मला समाधान आहे.

आज पहिला नमुना. खाडी तुडुंब भरलेली, होडी थेट बांधाला लागली. बांधात एक जुनं लाकडी दार आहे, बंदच असतं. त्याच्यापासून दहा हातांवर बाटली बुडवली.

प्रतिक्षाची आजी हौसा बांधावर उभी होती. साठ वर्षं मिठागरात गेलेली बाई. पाय पार फुटलेले, आवाज खणखणीत.

"बाय, भरल्या पान्यात तुला काय गावनार?"

मी म्हटलं, "हौसाबाई, शास्त्राला ठरलेली वेळ लागते."

"वेळ पान्याला हाय, शास्त्राला कुठली गो?" असं म्हणून हसत सुटली. कमळाकरही हसला. प्रतिक्षा हसली नाही. मी पुढच्या बाटलीचं बूच उघडलं.

१६ नोव्हेंबर

शाळेच्या प्रयोगशाळेत परवानगी मिळाली आहे. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजला. बाटलीत दोन द्रावणं टाकली की साका बसतो. पाण्यात प्राणवायू असेल तर तो तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. आमचा साका चहाच्या चोथ्यासारखा गडद तपकिरी. पाणी चांगलं.

प्रतिक्षाचा चेहरा पडला. मी सांगितलं, निकाल आवडायला किंवा नावडायला तू त्याची सासू नाहीस.

तीन पोळ्या खाऊन गेली. हडकली आहे. वसतिगृहात खात नसावी.

१ डिसेंबर, रविवार. अमावस्या.

दुसरा नमुना, साडेबारा. कमळाकर म्हणाला, "रोह्याच्या बाईंच्या टायमावर आता गाडी सोडायला पायजे." आगाऊ माणूस, पण होडी वेळेवर आणतो.

परतताना प्रतिक्षाने नोंदवही पुढे केली. पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती: 'सुकतीला, सकाळी साडेसहाला, उघाडीच्या तोंडाशी जादा नमुने घ्यावेत. आजी म्हणते.'

सुकती म्हणजे ओहोटी. इतपत मला कळतं. तिला विचारलं, आजी म्हणते हा संदर्भ प्रबंधात कोणत्या क्रमांकावर देणार? तिने वही तशीच पुढे धरून ठेवली. मग म्हणाली, "बाई, निदान दोनदा तरी घेऊ. मी चिखलातून जाईन, मला सवय आहे."

त्या चिखलात दोन वर्षांपूर्वी एक माणूस कमरेपर्यंत रुतून मेला. प्रविणनेच सांगितलं होतं. मी त्या ओळीवर लाल शाईची रेघ मारली. मध्येच पद्धत बदलली तर आधीचे आकडे वाया जातात, एवढंच कारण तिला दिलं. चिखलाचं बोलले नाही. लाड करत बसले तर मुलं ऐकत नाहीत.

३० डिसेंबर

चौथा नमुना. प्राणवायू उत्तम. आम्लताही ठीक.

१३ जानेवारी, सोमवार. पौर्णिमा.

माझ्या मामाच्या शेतातल्या वालाच्या शेंगा नेल्या होत्या. हौसाने बांधावरच मडकं लावून पोपटी भाजली. खाताना म्हणाली, "शेंग भाजली का नाय, मडका न उघडता कशी सांगनार गो बाय?"

मी म्हटलं, वासावरून.

"मंग ये की सकालची वासाला."

प्रतिक्षा म्हणाली, "आजी, गप." मुलगी शिस्तीत आली आहे. विद्यापीठात सगळ्यांना मॅडम म्हणते, मला अजून बाईच म्हणते. सुधारून सांगितलेलं नाही.

२७ फेब्रुवारी. अमावस्या.

आठवा आणि शेवटचा नमुना. आठही वेळा साका तपकिरी. आठही वेळा ते लाकडी दार बंद. ते पडीक असावं, असं प्रबंधाच्या स्थळवर्णनात लिहायला प्रतिक्षाला सांगितलं. तिने ते वाक्य घातलं नाही. विचारलं तर म्हणाली, विसरले. ती विसरणारी मुलगी नाही.

१४ मार्च

धुळवडीच्या आरड्याओरड्यात प्रबंधाचा मसुदा वाचून काढला. स्वच्छ काम. एकही आकडा ओढूनताणून बसवलेला नाही. निष्कर्ष: सदर ठिकाणी पाणी मर्यादेत आहे. म्हणजे गावाचं म्हणणं चुकीचं निघतं. काय करणार.

प्रतिक्षा आली होती. "बाई, सुनावणीला हे देऊ नका. मला थोडे दिवस द्या. मला अजून नमुने घ्यायचेत."

मी म्हटलं, "आकडे आवडले नाहीत म्हणून थांबायचं नसतं. तसं करायचं तर तुझ्यात आणि त्या कंपनीत फरक काय?"

ती उभीच राहिली. बोटांवर रंगाचे डाग होते, कुठल्या तरी पोराने गाठलं असणार. मग म्हणाली, "बरं."

२ एप्रिल

आज प्रबंधाची एक प्रत माझ्या पत्रासह सुनावणीसाठी पेणच्या कचेरीत पाठवली. रोह्याहून रजिस्टर पोस्टाने. पत्रात लिहिलं की नमुन्यांची वेळ आणि पद्धत काटेकोर पाळली आहे, याची मी खात्री देते. बत्तीस वर्षं मुलींना हेच शिकवलं, की निकाल झाकून ठेवायचा नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

सुनावणी झाली.

हे लिहायला बसायला संध्याकाळ झाली. पेणहून परतताना गाडीत माझ्याशी कुणी बोललं नाही. धाकट्या खारेची माणसं त्याच डब्यात होती.

कंपनीच्या वकिलाने काही केलंच नाही. आमचाच प्रबंध उघडला आणि वाचला. मग मागे वळून म्हणाला, "हा आमचा अहवाल नाही. गावच्या मुलीचा आहे. शिवाय एका अनुभवी शिक्षिकेची लेखी खात्री." अधिकारी भला माणूस वाटला. त्याने तीन वेळा विचारलं, गावाकडे दुसरा काही पुरावा आहे का. प्रविण उठला, हात जोडले, बसला. प्रकरण निकाली काढलं.

बाहेर आल्यावर प्रविणने प्रतिक्षाला सगळ्यांसमोर विचारलं, "कधीपासून गो कंपनीत कामाला लागलीस? आमाला सांगायचा तरी. पेढे वाटले असते."

ती माझ्याकडे बघत होती. मी काय करायला हवं होतं? मी म्हटलं, "प्रविण, आकडे खोटे बोलत नाहीत." खरंच आहे ते. तिने मान खाली घातली आणि एकटी स्टँडकडे चालायला लागली.

२१ एप्रिल

फोन उचलत नाही.

२५ एप्रिल

कमळाकर शाळेत आला होता. आमची बाटल्यांची लाकडी पेटी ठेवून गेला. तिचं झाकण फुटलं होतं. गावात कुणी तरी ती बांधावरून फेकून दिली. हौसाच्या दारात बायका येत नाहीत. गावातल्या एका हळदीला घरचं बोलावणं असून तिला बसायला पाट दिला नाही. प्रतिक्षा गावात दोन दिवस राहिली आणि निघून गेली. पनवेलच्या पलीकडे कुठल्याशा गोदामात डबे भरायच्या शिफ्टला लागली आहे म्हणे. विद्यापीठात तोंडी परीक्षेला नाव घातलेलं नाही.

मी त्याला म्हटलं, एवढ्या तेवढ्या बोलण्याने शिक्षण सोडतात का?

कमळाकर पेटीवरचा चिखल नखाने खरवडत होता. म्हणाला, "बाई, एक विचारू? रागावू नका. तुमी आठ येला आल्या. दर येला उघाडी बंद होती का उघडी?"

"कोणती उघाडी?"

"बांधातला दरवाजा."

"तो बंदच असतो."

त्याने माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी बत्तीस वर्षं मुलींकडे पाहत आले.

"बाई, भरतीला पानी बाहेरून दाबतं, तवा बंद व्हतो. सुकती लागली का आपोआप उघडतो. त्याच्यासाठीच बांधलाय तो. कंपनीचा नाला त्याच्या मागं येऊन तुंबतो. उघडला का सगळा खाडीत. मंग पुन्हा भरती लागली का तेच पानी वर येतं, तळ्यात शिरतं. पुनवेला-अवसेला दुपारी साडेबाराला भरती भरलेली असते. पोराटोरांना म्हाईत हाय."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत?

"सांगितला ना. हौसाकाकीने पयल्याच दिवशी सांगितला. प्रतिक्षाने लिहून दिला म्हणाली. तुमी रेघ मारलीत."

चहा न घेता गेला.

२६ एप्रिल

वही मागे उलटून वाचली. पंधरा नोव्हेंबरला मी माझ्याच हाताने लिहिलं आहे: बांधात एक जुनं लाकडी दार आहे, बंदच असतं.

पाणी सारख्याच उंचीला यावं म्हणून मी एवढी खबरदारी घेतली आणि आठही वेळा दार बंद असतानाच गेले. एखादा नमुना जरी चुकून उशिरा घेतला असता तरी सापडलं असतं. माझा एकही नमुना उशिरा घेतला गेला नाही.

आज जेवले नाही. भूक नव्हती, दुसरं काही नाही.

११ मे

कासूला उतरून चालत धाकट्या खारेला आले. उद्या पौर्णिमा. सकाळी साडेसहाला सुकती, तेवढ्या पहाटे रोह्याहून येता येत नाही. म्हणून मी कधी आलेच नव्हते. हौसाच्या दारात उभी राहिले. वाटलं होतं, बोलेल, शिव्या देईल. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चपला काढ. उद्या चिखलात चपला नाय चालत."

१२ मे, सोमवार. पौर्णिमा.

सहा वाजता निघालो. हौसा पुढे, मी मागे. तिने माझा हात धरला नाही. तिच्या पावलांच्या खळग्यांतच पाय टाकायला सांगितलं. "इथं नाय. हितं. घट हाय हितं." मी बासष्टची, ती पंचाहत्तरची. गुडघ्यापर्यंत रुतलो. याच चिखलात ती मुलगी माझ्यासाठी उतरायला तयार होती.

खाडी ओळखू येत नव्हती. दुपारी जिथे होडी लागायची तिथे काळा उतार होता. दार उघडं होतं. त्यातून फेसाळ, पिवळसर, कोमट पाणी पडत होतं. वासाने घशात जळजळलं. हौसाने पदर नाकाला लावला नाही. तिला सवय आहे.

बाटली भरली. द्रावणं टाकली. बूच लावलं, उलटसुलट हलवली, आणि उजेडात धरून थांबले.

साका पांढरा. पिठासारखा पांढरा.

दुसरी बाटली. पांढरा. तिसरी. पांढरा.

हौसाने विचारलं, "सफेद झाला. म्हंजे चांगला ना गो?"

"नाही, हौसाबाई. म्हणजे पाण्यात श्वास नाही."

ती खाली बसली. चिखलातच. मग हळू आवाजात म्हणाली, "मंग माझी पोर खरी होती."

"हो."

"तिला सांगितलास?"

१८ मे

गावाची सभा देवळासमोर भरते, तिथे उभी राहून सांगितलं. वेळ मी ठरवली. मुलगी नको म्हणत होती. पत्र मी पाठवलं, तिला न विचारता. बाटल्या दाखवल्या. माणसं ऐकत होती. प्रविणने विचारलं, "आता सुनावणी परत लागंल?"

मी सांगितलं, मी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं आहे. प्रकरण निकाली निघालं आहे. नवीन तक्रार करता येईल, पण वर्षभराचे नव्याने घेतलेले नमुने जोडावे लागतील.

"एक वर्स," प्रविण म्हणाला. बायकांतली एक उठून हौसाजवळ जाऊन बसली. मग दुसरी.

विद्यापीठातल्या सरांनाही लिहिलं. ते म्हणतात, तोंडी परीक्षेची मुदत चार जूनपर्यंत. ती आली तर ते सांभाळून घेतील.

प्रतिक्षाला पत्र लिहिलं. चारदा फाडलं. पाचव्यात फक्त चूक लिहिली, तारखा लिहिल्या आणि मुदत लिहिली. बाकी काही लिहिता आलं नाही.

१ जून, रविवार

आली होती.

दारातच उभी. माझी पुस्तकं परत करायला. सगळ्यांना खाकी कव्हरं घातलेली, वर नावाची चिठ्ठी. आणखी हडकली आहे. उजव्या हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या.

आत ये म्हटलं. आत आली, पण बसली नाही. मी बाटल्या काढल्या. नोंदवही काढली. मुदत चार तारखेपर्यंत आहे, सरांशी बोलले आहे, प्रबंधाला पुरवणी जोडता येईल, मी रात्रंदिवस मदत करीन, असं सगळं एका दमात सांगितलं. इतकं सलग मी बहुधा वर्गातही बोलले नसेन.

तिने एक बाटली उचलली, खिडकीकडे नेली. पांढरा साका हलला. क्षणभर तिचा चेहरा आठवीतल्यासारखा झाला. मग नोंदवहीवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "तापमान लिहिलेलं नाही."

खरंच नव्हतं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा राहिलं. तापमानाशिवाय प्राणवायूच्या आकड्याला अर्थ नाही; हे मीच तिला नववीत शिकवलं होतं.

"त्या दिवशी..." मी म्हटलं.

"राहतं कधी कधी," ती म्हणाली. समजुतीने. मी तिच्याशी असं कधीच बोलले नव्हते.

बाटली जागेवर ठेवून म्हणाली, "माझी दोनची शिफ्ट आहे. निघते, मॅडम."

मी दारापर्यंत गेले. जेवून जा, एवढं म्हणायचं होतं. ती फाटकाबाहेर गेल्यावर म्हटलं.

४ जून

मुदत संपली. सरांचा संध्याकाळी फोन आला होता. ती आली नाही.

११ जून, बुधवार. पौर्णिमा.

सकाळी साडेसहा. उघाडीचं तोंड. दार उघडं. पाण्याचं तापमान एकतीस अंश. हवेचं सत्तावीस. साका पांढरा. हौसाबाई बरोबर. कमळाकरने होडी दिली नाही, कारण सुकतीला होडी चालत नाही. पण बांधावर येऊन पेटी धरून उभा राहिला. झाकण त्याने ठोकून दिलं आहे.

नव्या वर्षाचा हा पहिला नमुना. अजून बरेच घ्यायचे आहेत.

जुन्या नोंदवहीत लाल रेघेखालची पेन्सिलीची ओळ अजून वाचता येते. ती नव्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर जशीच्या तशी उतरवली, 'आजी म्हणते' सकट. खाली रकाने आखले. नमुना घेणारी: माझं नाव. वेळ ठरवणारी: हौसा. पद्धत: प्रतिक्षा.

चौथा रकाना तपासणारीचा. तो मोकळा ठेवला आहे. परतल्यावर दोघींना पुरेल एवढी कणीक मळली, मग अर्धी झाकून ठेवली.